भिंतीवरची म्होरकी

माझी आत्या घोडेस्वारी शिकवते. शिकवते म्हणजे ओरडते. "पाठ आहे का पोतं? सरळ बस!" हे तिचं वाक्य फाटकासमोरच्या पंक्चरवाल्यालाही पाठ झालंय, ती दिसली की तो बिचारा आपोआप ताठ बसतो. गावातली निम्मी पोरं तिनं घोड्यावर बसवली, आणि पहिल्यांदा बसवली ती ठेंगूवर. ठेंगू हा आमचा करडा, बुटका पोनी. पोरं त्याची आयाळ ओढून चढायची, पण तो कधी हूं की चूं करायचा नाही. आत्या ज्याच्यावर कधीच ओरडली नाही असा जगात तो एकटाच.

तबेला माझ्या बाबांचा. आत्यापेक्षा धाकटे, पण रुबाब असा की जणू तिला यांनीच अंगाखांद्यावर खेळवलं. त्यांनी एक रीत पाडली होती. घोडा म्हातारा झाला की सगळ्यांना अंगणात बोलवायचं, त्याच्या तोंडावरची चामड्याची म्होरकी काढायची आणि ऑफिसच्या भिंतीवर लावायची. टाळ्या, फोटो. मग घोडा मागच्या आवारात कायमचा मोकळा. ठेंगूची म्होरकी उतरवली तेव्हा आत्या रडली, आणि कोणी बघितलं तर खैर नाही अशा नजरेनं सगळ्यांकडे बघत रडली.

आता या रीतीतली गोम ऐका. लस टोचायला डॉक्टर यायचे तेव्हा घोडे म्होरकीला दोर लावून फाटकापाशी ओळीनं उभे करायचे. ज्याला म्होरकी नाही, तो ओळीत नाही. आत्या तेव्हा मैदानावर शिकवत असायची. तिला वाटायचं, डॉक्टर नंतर मागे जाऊन म्हाताऱ्यांनाही टोचतात. डॉक्टरांना वाटायचं, एवढेच घोडे. बाबांना मात्र सगळं माहीत होतं. माझे वडील आहेत म्हणून मी काही हे झाकणार नाही.

ठेंगूच्या खुरात खिळा गेला. जखम एवढीशी. आत्यानं धुतली, औषध भरलं, पट्टी बांधली. जखम भरत आली आणि ठेंगूचा चारा तोंडातच राहायला लागला. जबडा उघडेना. पाय लाकडासारखे ताठ, आणि कुठे बादली वाजली तरी सगळं अंग थरथरायचं. डॉक्टर आले. त्यांनी त्याच्या डोळ्यावर आतल्या कोपऱ्यातून सरकलेला पातळ पडदा बघितला.

"धनुर्वात," ते म्हणाले. "शेवटची लस कधी दिली होती?"

आत्यानं बाबांकडे पाहिलं.

"अगं ताई, हा आता कुठे जातो?" बाबा म्हणाले. "ना शर्यत, ना प्रदर्शन. म्हटलं, म्हाताऱ्याला उगाच कशाला सुया."

"खिळा काय शर्यतीत मिळतो का रे?"

"उलट वय झालं की अंगातली ताकद कमी होते," डॉक्टर म्हणाले. "यांना तर चुकवायचीच नाही."

"मग मागे कोण आहे, हे तुम्ही कधी विचारलंत?" आत्या त्यांच्यावरही उखडली.

"मला फाटकापाशी जे दाखवले, ते मी टोचले."

"वा! म्हणजे चुकलं कुणाचंच नाही. खिळ्याचंच चुकलं!"

तेवढ्या आवाजानंही ठेंगू कडक झाला, आणि आत्या गप्प झाली.

मग औषधं झाली. खिडकीला पोती लावून त्याची खोली अंधारी केली, त्याच्या कानात कापूस घातला. जन्मभर ओरडलेली ही बाई त्याच्यापाशी कुजबुजत बसली. ती नळीनं थेंब थेंब पाणी पाजायची आणि दाराशी कुणाची चप्पल वाजली की डोळे वटारायची. बाबा अनवाणी येऊन दारात उभे राहायचे. तिनं त्यांना एकदाही आत ये म्हटलं नाही. मला त्यांची दया आली नाही, अजूनही येत नाही.

ठेंगू गेला. आत्या रडलीही नाही. सरळ ऑफिसात गेली आणि भिंतीवरच्या म्होरक्या एकेक करून खाली ओढल्या.

"ताई, अगं तो त्यांचा मान आहे!" बाबा म्हणाले.

"मान गेला खड्ड्यात. आणि त्याच्यामागोमाग ठेंगू!"

डॉक्टरांना तिनंच बोलावलं. मागच्या आवारातले सगळे म्हातारे म्होरक्या घालून फाटकापाशी आणले, तरण्यांच्याही पुढे. डॉक्टर एकेकाच्या मानेत सुई टोचत ओळीच्या टोकाला पोचले. तिथे आत्या उभी होती. हातात ठेंगूची रिकामी म्होरकी, बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीवर धरलेली.

डॉक्टर थबकले.

"याची राहिली होती," आत्या म्हणाली. मग तिचा तो मैदानावरचा आवाज लागला, पार रस्त्यापर्यंत. "माझ्याकडे काय बघताय? माझ्या भावाला विचारा. तोच म्हणत होता ना, हा आता कुठे जातो? विचारा त्याला, कुठे गेलाय!"