ढोलीतल्या दोन साळुंक्या

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर लाकूडतोड केली. आमच्या म्हसवडकडे काम मिळेना तेव्हा ते पाटणच्या खोऱ्यात जायचे, महिना महिना यायचे नाहीत. घरात एकवेळची भाकरी. त्यातून मी शिकले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, हे मी सगळ्यांना सांगते. पुढचं आजवर सांगितलं नव्हतं.

एमएस्सीच्या प्रबंधासाठी साळुंकी आणि रानसाळुंकी यांची तुलना करायची होती. ढोलीची (पोकळ खोडाची) जुनी झाडं संपत आल्याने खोऱ्यात रानसाळुंकीची घरटी कमी होत चालली आहेत. तिथली झाडं आप्पांना पाठ, म्हणून त्यांना सोबत घेतलं.

उंब्रजला एसटी बदलताना भाकरीचं फडकं पहिल्या गाडीतच राहिलं.

"कंडक्टर जेवंल," आप्पा म्हणाले.

पाटणला आमच्या सांगलीच्या कॉलेजातल्या मॅडम थांबल्या होत्या. आप्पांच्या चपलेला तारेचा टाका होता. मॅडमनी विचारलं, "हे कोण?"

"गावचेच आहेत. वाट दाखवायला आणलंय."

आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "व्हय. ताईंच्या गावचा हाय मी."

डोंगर चढल्यावर त्यांनी एका उंबरावर बोटांची पेरं वाजवली. "ढोल हाय. ती वर बसलीया ती रानातली. आपल्या साळुंकीच्या डोळ्यामागं पिवळं असतंय, हिला न्हाई. कपाळावर तुरा, डोळा निळसर. आपली पत्र्याखाली बी संसार मांडती. हिला झाडच लागतं, ताई."

"हे कुठं शिकलात?" मॅडमनी विचारलं.

"तोडताना. ढोल वाजली की आदी आत हात घालायचा. पिल्लं असली तर उडंस्तवर झाड ठेवायचं. मुकादम लय शिव्या द्यायचा." उंबरावरचा हात काढून घेत म्हणाले, "बाकीची तोडलीच की. पोरगी शिकत हुती."

"आता कुठं असते पोरगी?"

"मोठी झाली ती."

मी दुर्बीण डोळ्यांना लावून उभी होते. काही दिसत नव्हतं.

परतीच्या गाडीत त्यांनी खिडकीची जागा मला दिली. "बसा, ताई." मॅडम तर केव्हाच सांगलीला गेल्या होत्या.

"आप्पा, चुकलं माझं."

टॉवेल डोक्याला गुंडाळत ते म्हणाले, "उंब्रज आलं की उठीव मला, पोरी."

ते झोपले. मला त्यांच्या चपलेकडे बघवेना.

सोमवारी सांगलीत मी मॅडमना खरं सांगितलं. प्रबंधात माहिती देणाऱ्याच्या रकान्यात आप्पांचं नाव लिहिलं; व्यवसाय लाकूडतोड, नातं वडील. तो प्रबंध मंजूर झाला.