ज्या रविवारी मूळ गेलं नाही

टीव्हीवरचा एक उडणारा माणूस मुळात कोण, हे बघायच्या नादात मी माझ्या लेकीला नागपंचमीला माहेरी आणलं नाही. एवढाच माझा मूर्खपणा. एका वाक्यात मावतो, म्हणून आधीच सांगून टाकला.

तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, पण अक्कल अजून घरी पोचायची होती. माले गावाच्या वरच्या अंगाला आमची वस्ती, आणि वस्तीत टीव्ही एकच, आमचा. मग काय विचारता! रविवारी सकाळी मी बटणापाशी पाट टाकून बसायची, पदर खोचून, जशी काही मालिका मीच काढलीय. मधे कुणी बोललं की डोळे वटारायची. म्हाताऱ्या बायासुद्धा माझ्याकडे बघून खोकायच्या. मालिकेतल्या त्या वीराच्या तोंडावर मुखवटा असायचा. तो कोण, कुणाचा पोर, त्याच्या अंगात हे बळ कुठून आलं, ते येत्या रविवारी दाखवणार असं आठवडाभर सांगत होते. मी भाकरी थापतानासुद्धा त्याचाच विचार करायची.

शनिवारी दूधवाल्याकडून लेकीचा निरोप आला, ‘आईला म्हणावं, मूळ धाड.’

सासरी नांदणाऱ्या पोरीला सणाला माहेरी न्यायला जो माणूस जातो, त्याला आमच्याकडे मूळ म्हणतात. बाप जाईल, भाऊ जाईल, चुलता जाईल. मूळ आल्याशिवाय पोरीने आपली आपण यायचं नाही. हे लेकीच्या कानात तिच्या लग्नात मीच घातलेलं. लेक माण गावात दिलेली, कडेवर दहा महिन्यांची पोर. सासरचे म्हणत होते, जा की, कोण अडवतंय. ती म्हणायची, मूळ आलं की जाईन. हे सगळं मला नंतर कळलं.

“उद्या सकाळच्या यष्टीनं जातो,” आमचे मालक म्हणाले. “दोपारपातूर घेऊन येतो.”

“आन् कौलावर कोण चढणार?” मी.

आमचं घर डोंगराच्या आडोशाला. कुणीतरी कौलावर उभं राहून अँटेना धरली तरच चित्र दिसायचं, नाहीतर नुसत्या मुंग्या. आणि अँटेना धरण्यात आमच्या मालकांचा हात कुणी धरला नसता.

“आगं, पोर वाट बगत आसंल.”

“गौरीला आणू की. पंचमी काय, दर साली येतीया.”

सोमवारपासून भाताची लावणी होती, म्हणजे जायचं तर रविवारीच, हे मला ठाऊक होतं. तरी असं बोलले. आज त्या बाईला धरून दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. पण गाल माझेच.

रविवारी घर भरलं. मालक भुरभुर पावसात कौलावर. वीराने मुखवट्याला हात घातला, आणि लाईट गेली. सगळे उसासे टाकत बसले. वरून ह्यांचा आवाज आला, “दिसतंय का गं?”

मी खालून ओरडले, “उतरा खाली.”

तो मुखवट्यामागे कोण होता, ते मला आजही माहीत नाही.

भादव्यात लेकीला कावीळ झाली. गौरी बसायच्या आदल्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, तिथून ती परत आली नाही. मालक माणला गेले, पण मूळ म्हणून नाही. पंचमीला आली असती तर वाचली असती का, हे कुणी सांगू शकत नाही. मी कितीदा विचारलं स्वतःला. पण चार दिवस माझ्या हातचं जेवली असती. झोक्यावर बसली असती.

लेकीच्या दिवसांना बाया जमल्या. कुणीतरी विचारलं, “पंचमीला आणली न्हवती व्हय?” मी पदर तोंडावर घेतला आणि म्हणाले, “मूळ धाडलं हुतं. त्यांनी लावून दिली न्हाई.”

कौलावर कोण होतं ते वस्तीला ठाऊक होतं. पण लेक गेलेल्या बाईला कोण खोटं पाडणार? मालकांनी ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेले. त्यानंतर जन्मात ते कौलावर चढले नाहीत. गळती लागली तर माणूस बोलवायचे. ते गेले तेव्हाही हा विषय आमच्यात निघालेला नव्हता.

पोर माझ्याकडे वाढली. तिला समजायला लागलं तसं माझं खोटंही तिला समजलं, ते खरं म्हणून. बाप सणाला भेटायला आला की ती मागच्या दाराने निघून जायची. ‘माझ्या आईला अडवणाऱ्या माणसाशी मला बोलायचं नाही.’ जावई ओट्यावर बसून चहा प्यायचे, खाली मान घालून. सासूला खोटी पाडायची नाही एवढं त्यांनी पाळलं. मी आत भाजी चिरत बसायची. भाजी लई बारीक व्हायची.

आता नात लवळ्याला कॉलेजात शिकते, हॉस्टेलवर राहते. शनिवारी येते. गेल्या उन्हाळ्यात दुपारी ती लॅपटॉप उघडून बसली होती. असल्याच उडणाऱ्या माणसांच्या मालिकांवर तिला प्रोजेक्ट लिहायचा होता, पात्र कसं घडत जातं त्यावर. मीही शेजारी टेकले. सवय कुठे जाते?

“आज्जी, हा सात भाग नुसता वाईट वागलाय. आता आठव्यात त्याचं मूळ दाखवतायत.”

“कुणाला न्यायला आलंय मूळ?” मी म्हणाले.

ती हसली. तिला हा अर्थच ठाऊक नव्हता. मी समजावून सांगितला. पडद्यावर तो वाईट माणूस लहान होता, दारात उभा होता, कुणाची तरी वाट बघत.

“मूळ बघितलं की काय हुतं? माफ करायचं का त्याला?” मी विचारलं.

“माफ नाही गं. तो असा का झाला, ते कळतं फक्त.” मग तिने लॅपटॉप थांबवला. “आज्जी, आईला आणायला मूळ म्हणून कोण गेलं होतं? ज्याला त्यांनी परत पाठवलं?”

कुणाचंही नाव घेता आलं असतं. मालक गेलेले. माझा भाऊ गेलेला. मेलेली माणसं नाही म्हणत नाहीत. पण तो पोरगा पडद्यावर तसाच उभा होता.

“कुणी न्हाई गेलं,” मी म्हणाले. “तुजा आजा कौलावर हुता. मी चढवला हुता.”

सगळं सांगितलं. वीर, मुखवटा, लाईट, सगळं. तिने एकदाच विचारलं, “मग बाबा?”

“त्यानं कधीच अडवलं न्हाई.”

तिने लॅपटॉप बंद केला, सॅक उचलली. मी म्हटलं, जेवून जा. ती चप्पल घालत होती. यष्टीला अजून तासभर होता, तरी फाट्यावर उन्हात जाऊन उभी राहिली. मला ओट्यावरून ती दिसत होती. तिच्यापाशी जायला मन धजलं नाही.

त्यानंतर सहा शनिवार ती आली नाही. पहिल्या तीन शनिवारी मी तिच्या वाट्याची भाकरी थापली, मग थापायची सोडली. जावयांचा फोन आला. नात माणला येऊन गेली म्हणाले. दोघं फार बोलले नाहीत, तिने आईचा फोटो मागून नेला. मी ‘हां, हां’ करत राहिले. माफी मागायची होती, ती त्या ‘हां, हां’मध्ये कुठेतरी राहून गेली.

पंचमीच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. मी कशी आहेस विचारलं. ती म्हणाली, “माफ केलंय असं तू धरून चालू नकोस. पण पंचमीला मी आपली आपण यायची नाही. मूळ धाड. आणि दुसऱ्या कुणाला नको, तू ये.”