त्या शनिवारचं कोरडं मैदान

त्या शनिवारी मैदान कोरडं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला, हिलाही नाही, आणि हिच्यापासून मी लपवलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. मी मुळात बोलणारा माणूस नाही, त्यामुळे माझं गप्प बसणं कुणाला खटकलं नाही. बोलका माणूस गप्प झाला की घरात लगेच विचारपूस होते. मी नेहमीसारखाच दिसत राहिलो.

आम्ही तेव्हा ईडन प्रेरीत राहायला येऊन थोडीच वर्षं झाली होती. मिनेसोटातल्या एप्रिलचा काही भरवसा नसतो. मुलांच्या बेसबॉलचं वेळापत्रक थंडीतच छापून यायचं, फ्रिजवर लागायचं, आणि मग पुढचा महिनाभर ती नुसती एक इच्छा असायची. एका शनिवारी बर्फ, पुढच्या शनिवारी पाऊस, त्याच्या पुढे वितळलेल्या बर्फाचा चिखल. रद्द झालेल्या मॅचेस मग पुढच्या शनिवारी, नाहीच जमलं तर जूनमध्ये, कामाच्या दिवशी संध्याकाळी, जागा मिळेल तिथे कोंबायच्या. सगळ्या गावाला याची सवय होती. कुणी चिडायचं नाही. फोन वाजला की समजायचं.

तो फोन कुठून सुरू व्हायचा, तर माझ्यापासून. आमचं घर मैदानाला सगळ्यात जवळ, म्हणून मुलीच्या टीमच्या कोचनं ते काम माझ्या गळ्यात घातलं. कोच विमा विकायचा, मोठ्यानं हसायचा. "तुम्ही इंजिनियर ना? मग सकाळी ग्राउंड बघा. खेळण्यासारखं नसेल तर मला फोन करा, पुढचं मी बघतो." मी त्याला फोन करायचा, तो दोन घरांना, ती दोन घरं आणखी दोन-दोन घरांना. चहाचा दुसरा कप होईपर्यंत सगळीकडे बातमी पोचलेली असे. एवढी सत्ता मला ऑफिसात कधी मिळाली नाही.

बेसबॉल मला येत नव्हता. मला येत होतं क्रिकेट, तेही पुण्यात कॉलेजच्या टीमबाहेर बसून खेळलेलं. त्यामुळे मी सकाळी मैदानावर जायचो तो थेट मधोमध, बॉल फेकणारा आणि मारणारा यांच्यामधल्या पट्ट्यावर. उकिडवा बसायचो, अंगठा दाबून बघायचो, गाडीची किल्ली रुतवून बघायचो. किल्ली आत गेली की पिच ओली, मॅच रद्द. अशी एक मॅच मी अत्यंत गंभीरपणे रद्द केली, आणि कोचनं माझे आभारही मानले.

दुसरी रद्द करून आलो तेव्हा मुलगी टेबलाशी सीरियल खात होती. अकरा वर्षांची. टीममध्ये ती एकटीच मुलगी.

"बाबा, तू नक्की कुठे चेक करतोस?"

"मधे. पिचवर."

तिचा चमचा वाडग्यातच राहिला. "बाबा! बॉल तिथे बाउन्सच होत नाही! इट नेव्हर टचेस द ग्राउंड देअर!"

हिनं गॅसपाशी उभ्या उभ्या पदर तोंडाला लावला. "अहो, म्हणजे अख्ख्या गावाला तुम्ही उगीच घरी बसवलंत?"

मुलीनं पायजम्यावरच बूट चढवले आणि मला हाताला धरून मैदानावर नेलं. कुठे बघायचं ते तिनं दाखवलं. धावणारी मुलं ज्या वाटेनं पळतात ती वाट, आणि दुसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्यानं गाठायच्या दुसऱ्या ठाण्याच्या, अलीकडची माती, जिथे पाय सगळ्यात जास्त वळतात. टाच रोवायची. टाचेच्या खड्ड्यात पाणी वर आलं तर खेळ नाही, नाही आलं तर खेळ. "सिंपल," ती म्हणाली. त्या दिवसापासून मला मैदान बघता यायला लागलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं नाही.

आता तिची गोष्ट. तो अख्खा हिवाळा तिनं गॅरेजच्या दारावर बॉल फेकून काढला होता. दाराला देवीचे व्रण असतात तसे खळगे पडले होते. तिला पिचर व्हायचं होतं, म्हणजे बॉल फेकणारी, जिच्या हातून खेळ सुरू होतो ती. कोचनं तिला शब्द दिला होता: सीझनची पहिली मॅच तुझी. फक्त पहिली, कारण ती साध्या टीमशी होती. पुढच्या मॅचेस तगड्या टीम्सशी, आणि त्यांच्यासाठी त्याची दोन उंच मुलं ठरलेली होती. हे तिला नीट माहीत होतं. तिची सगळी वाट त्या एका मॅचची, आणि ती मॅच बर्फानं, पावसानं आणि माझ्या किल्लीनं पुढे पुढे ढकलली जात होती.

इकडे आमच्या मराठी मंडळाचा पाडवा. इथे पाडवा तिथीला नसतो, हॉल मिळेल त्या शनिवारी असतो. त्या वर्षी ठरलेल्या शनिवारी असं बर्फाचं वादळ आलं की श्रीखंड जिथल्या तिथे फ्रीजरमध्ये गेलं आणि पाडवाही बेसबॉलसारखा पुढे ढकलला गेला. शाळेचा हॉल पुन्हा मिळाला तो नेमका त्या शनिवारी, ज्या दुपारी तिची पहिली मॅच आता येऊन पडली होती.

पाडव्याला मुलांचं छोटं नाटुकलं होतं. सुरुवातीचं निवेदन आमच्या मुलीचं. ते मी लिहिलं होतं, मीच तिच्याकडून घोटून घेतलं होतं, 'ळ' आणि 'ण' सकट. इथे जन्मलेली मुलगी इतकं स्वच्छ मराठी बोलते, हे चारचौघांनी ऐकावं, अशी माझी फार इच्छा होती. मी त्याला संस्कार म्हणत होतो. आज त्याला हौस म्हणतो, आणि ती हौस माझी होती.

तिला मी म्हणालो, "आपण हवामानावर सोडू. मॅच झाली तर मॅच. नाही झाली तर पाडवा."

तिनं जरा विचार केला. "डील," म्हणाली. हात पुढे केला, आणि आम्ही हात मिळवले.

शुक्रवारी पाऊस झाला. शनिवारी सकाळी मी मैदानावर गेलो. ढग होते पण वर गेलेले, वारा सुटला होता. दुसऱ्या बेसच्या अलीकडे मी टाच रोवली. खड्डा कोरडा. जरा पुढे जाऊन रोवली. कोरडा. पाणी दिसावं म्हणून मी पुन्हा पुन्हा टाच रोवत फिरत होतो. मग घरी आलो आणि कोचला फोन केला.

"ओलं आहे. वरून वाटत नाही, पण आतून ओलं आहे."

"तुम्ही म्हणता तर बरोबरच असेल," तो म्हणाला. माझ्या जास्तीच्या काळजीची त्याला सवय झालीच होती. हवामानावर सोडलं होतं, आणि हवामान मीच होतो.

मुलगी जिन्यात उभी होती, युनिफॉर्ममध्ये. मी नकाराची मान हलवली. ती वर गेली आणि थोड्या वेळानं परकर-पोलकं घालून खाली आली. रडली नाही. रडली असती तर कदाचित मी उलटा फोन केला असता. हे मी गेली काही वर्षं स्वतःला सांगतो. खरं असेलच असं नाही.

हॉलमध्ये पोचेपर्यंत ऊन पडलं. नुसतं पडलं नाही, मोठाल्या खिडक्यांतून आत येऊन जमिनीवर पसरलं. काकू लोक खूश. "बघा, पाडवा लाभला! काय सुरेख ऊन!" मुलगी खिडकीशी उभी होती.

"बाबा, इट्स सो सनी."

"वरून. खालून ओलं आहे."

तेवढ्यात युनिव्हर्सिटीतला एक नागपूरकडचा विद्यार्थी तबला घेऊन आत आला. मोकळा पोरगा. आल्या आल्या म्हणाला, "काका, आज मॅच होती ना हिची? कॅन्सल केली? येताना तर यार, सगळ्या ग्राउंडवर पोरं खेळताहेत!"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. आणि मी, ज्याला एरवी चार वाक्यं सुचत नाहीत, ताबडतोब म्हणालो, "आमचं ग्राउंड खोलगट आहे. पाणी साचतं."

"हां, मग बरोबर," तो म्हणाला आणि तबला लावायला बसला.

तिचं निवेदन उत्तम झालं. एक अक्षर चुकलं नाही. टाळ्या पडल्या, एक आजी माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "मुलीवर मेहनत घेतलीत हो!" मी ते थोपटणं घेतलं. हिनं माझ्याकडे बघून डोळे पुसले. मुलगी मात्र तळमळत नव्हती, रागावली नव्हती. तिनं डील पाळलं होतं.

रद्द झालेली ती पहिली मॅच जूनवर ढकलली, आणि ती झाली तेव्हा आम्ही सुट्टीसाठी पुण्यात होतो. पाडव्यानंतरच्या शनिवारी तगडी टीम आली, कोचनं उंच मुलांना फेकायला लावलं, आणि मुलगी मैदानाच्या पार टोकाला, जिथे बॉल क्वचितच येतो, तिथे उभी राहिली. मी बाकांवर मोठ्या माणसांत बसलो होतो. डाव बदलताना समोरच्या कठड्यापाशी टीममधला एक मुलगा तिला म्हणत होता, गेल्या शनिवारी सगळे खेळले, फक्त आपलीच मॅच नाही झाली, तुझ्या बाबांमुळे. ती त्याच्यावर उसळली. "अवर फील्ड इज लो! माय डॅड चेक्ड इट. ही इज ॲन इंजिनियर!"

त्या वाक्याचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

वाईट झालं असं म्हणता येणार नाही. तिनं खेळ सोडला नाही. दुसऱ्या वर्षी तिला बॉल फेकायला मिळाला, गॅरेजचं दार आम्ही बदललं तरी तिनं नव्याला खळगे पाडले. मैदान बघायचं काम मी मात्र कारण न सांगता सोडून दिलं. आता ती हायस्कूलमध्ये आहे, लहान मुलांच्या टीमला शनिवारी शिकवते, आणि त्यांचं मैदान सकाळी बघायला तीच जाते.

या एप्रिलमध्ये एकदा म्हणाली, "बाबा, चल ना. कंपनी दे."

रात्रभर पाऊस झाला होता. तिनं दुसऱ्या बेसच्या अलीकडे टाच रोवली, आणि खड्डा भरला. मला वाटलं, संपलं. आता घरी जाऊन फोन. पण तिनं घड्याळ बघितलं आणि गाडीच्या डिकीतून दोन दाताळी आणि मांजरांच्या शी-शूसाठी दुकानात जी मिळते त्या मातीची पोती काढली. "हे पाणी पितं," म्हणाली. आम्ही दोघांनी ती माती ओल्या जागांवर पसरली, दाताळ्यानं खालीवर केली, थांबलो, पुन्हा केली. गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायलो. पुन्हा उतरलो. मैदानाला मदत करता येते, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी फक्त निर्णय देत आलो होतो.

टाचेचा खड्डा हळूहळू कोरडा राहू लागला. ती कमरेवर हात ठेवून सगळ्या मैदानाकडे बघत होती. मग म्हणाली, "वियर्ड. बाबा, हे ग्राउंड खोलगट नाहीये. सगळं पाणी पार्किंगकडे जातंय, बघ."

मी बघितलं. पाणी खरंच पार्किंगकडे जात होतं, बारीक ओघळांनी, जसं दर वर्षी जात आलं असणार.

ती माझ्याकडे बघत थांबली. फार वेळ नाही, पण थांबली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात पहिली गाडी आली, तिच्यातून ढगळ टोप्या घातलेली पोरं बाहेर पडून चिखल शोधत धावली, आणि ती ओरडत त्यांच्यामागे गेली. मॅच झाली. एक किरकोळ अंगाची पोरगी बॉल फेकत होती, आणि माझी मुलगी कठड्यापाशी उभी राहून तिला म्हणत होती, "सावकाश. यू हॅव टाइम."

येत्या शनिवारी पुन्हा पाऊस सांगितलाय. तिनं मला आत्ताच विचारून ठेवलंय, आणि मी हो म्हटलंय. दाताळी माझ्या गाडीत आहेत.

मैदान कोरडं होतं, आणि ते मला माहीत होतं, एवढं मला तिला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.