टूसॉनमधला बघण्याचा कार्यक्रम

सोलापूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक नसतं आणि भीतीही नसते, हे मला टूसॉनमधल्या मराठी मंडळींना वारंवार सांगावं लागे. भूजलावर पीएच.डी. करायला मी ॲरिझोनातल्या या शहरात निघाले, तेव्हा ज्याने त्याने माझी कीव केली. न्यू जर्सीतल्या मावसबहिणीने तर, अमेरिकेत येऊन कोणी वाळवंटात जातं का, असं विचारलं. मी गेले आणि पहिल्या आठवड्यातच रमले. कोरडी हवा, चटका देणारं ऊन, लांबवर उघडे डोंगर, हे सगळं मला घरचंच होतं. फक्त बाभळीच्या जागी निवडुंग होते आणि ते दुमजली घराएवढे उंच होते.

त्यामुळे गावात कोणाचेही आईवडील, सासूसासरे आले की त्यांना फिरवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. माझी फेरी ठरलेली असे. सकाळी पश्चिमेच्या डोंगरातलं सवारो निवडुंगांचं रान, दुपारी दक्षिणेकडचं जुनं पांढरंशुभ्र चर्च, संध्याकाळी खिंडीतून सूर्यास्त. वेळ उरला तर लेमन पर्वत. खाली निवडुंग आणि तासाभराच्या चढानंतर वर पाइनची झाडं, मार्चपर्यंत बर्फसुद्धा. कोणाच्या तोंडून "वा" निघालं की मला असं वाटे, जणू ते सगळं मीच लावून ठेवलंय.

मग २००५ च्या सुमारास या फेरीला एक नवीन प्रकारचा पाहुणा यायला लागला. लग्नाचा मुलगा.

आई सोलापुरात बसून बायोडेटा धाडायची, मुलं अमेरिकेत विखुरलेली, आणि मला प्रयोगशाळेतून सवड नाही. म्हणून बघण्याचा कार्यक्रम माझ्याच गावात व्हायचा. मुलगा विमानाने यायचा आणि काकूंकडे उतरायचा. काकू म्हणजे तीस वर्षांपूर्वी टूसॉनला आलेल्या आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या डॉक्टर. आईने त्यांना एका फोनमध्ये माझी पालक नेमून टाकलं होतं. काकूंनी ते इतकं मनावर घेतलं की आम्ही दोघं कुठेही निघालो की त्या गाडीत मागे बसायच्या. "तुम्ही बोला, माझं लक्ष नाहीये," असं म्हणायच्या आणि मग संपूर्ण रस्ताभर त्याच बोलायच्या.

आधी दोघं येऊन गेले होते. पहिल्याला सगळं "ब्राऊनच" दिसलं, त्यामुळे ते जुळलं नाही याचं मला वाईट वाटलं नाही. दुसरा बरा होता. पण निघायच्या दिवशी जेवताना त्याने तो प्रश्न विचारला. तुझं अजून किती राहिलंय? मी म्हटलं, तीन वर्षं. मग त्याने विचारलं, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर नाही का करता येत? मास्टर्सवर थांबलं तर?

माझं सगळं काम गावातून जाणाऱ्या एका कोरड्या नदीच्या काठच्या विहिरींवर होतं. युनिव्हर्सिटी बदलता येते, नदी कशी बदलणार? मी हे नीट समजावून सांगितलं, त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि आठवड्याने सभ्य शब्दांत नकाराची ईमेल आली. मला लग्न करायचं नव्हतं असं कोणी समजू नये. चांगलं मनापासून करायचं होतं. संध्याकाळी रिकाम्या खोलीत कुलूप उघडून शिरण्याचा मला कंटाळा आला होता. पण नदी अर्ध्यावर टाकून लग्न करायचं नव्हतं, आणि या दोन गोष्टी एकत्र हव्या असणारी मुलगी कोणालाच नको आहे की काय, अशी धास्ती मला बसली होती.

तिसरा मार्चमध्ये आला. मूळचा नागपूरचा, नोकरी सिॲटलजवळ बॉथेलला, सॉफ्टवेअरमध्ये. विमानतळावर त्याने जाड जॅकेट काढून हातावर घेतलं, आकाशाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला. बॉथेलला ऑक्टोबरपासून आकाश दिसलं नव्हतं म्हणे. मी सहज म्हटलं, इथे उन्हाळा कडक असतो. त्यावर या गृहस्थाने मला नागपूरच्या उन्हाची माहिती द्यायला सुरुवात केली. सोलापूरच्या मुलीला! मी मनातल्या मनात त्याचे दहा मार्क कापले.

काकूंनी पोहे केले होते. कार्यक्रम म्हटला की पोहे हवेतच, मग मुलीने केलेले का नसेनात. त्यात त्यांनी अंगणातल्या झुडपाच्या चिल्टेपिन मिरच्या घातल्या होत्या. मिऱ्याएवढी गोल मिरची, पण नुसती जाळ. पहिल्या घासाला पाहुण्याच्या कपाळावर घाम आला. त्याने पाणी मागितलं नाही, पोहे मागितले. पाच मार्क मी परत दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवारोंच्या रानात गेलो. या निवडुंगाला पहिला हात, म्हणजे फांदी, फुटायला माणसाचं जवळपास सगळं आयुष्य जावं लागतं, हे माझं नेहमीचं वाक्य मी म्हटलं. हात फुटलेला एक सवारो बघत तो मागे सरकला आणि चोया नावाच्या निवडुंगाला त्याची पोटरी लागली. चोयाचा काटेरी गोळा नुसता निसटता लागला तरी चिकटतो आणि हाताने काढायला गेलं तर हातालाही धरतो. त्याने हाताने काढायला घेतला. मी ओरडेपर्यंत पोटरी आणि बोटं दोन्हींत काटे होते.

काकू शांतपणे गाडीकडे गेल्या आणि कप्प्यातून एक फणी घेऊन आल्या. टूसॉनमध्ये जुनी माणसं गाडीत फणी ठेवतात ती केसांसाठी नव्हे. फणीचे दात गोळ्याखाली घालून त्यांनी एका झटक्यात तो दूर उडवला, मग पाहुण्याला दगडावर बसवून चिमट्याने राहिलेले काटे काढायला लागल्या. काढताना त्याच्या घरच्यांची चौकशी, कोलेस्टेरॉल, झोप, सगळं विचारून घेतलं. इतक्या वर्षांची डॉक्टरकी, त्याला बोलणं भागच होतं. मला हसू आवरेना आणि ते त्याने पाहिलं. "हस, हस," तो म्हणाला. "घरी जाऊन सांगतो, मुलगी बघायला गेलो आणि झाडाने पकडलं." आदल्या दिवसापासून आम्ही एकमेकांना तू म्हणायचं की तुम्ही, या पेचात अर्धवट वाक्यं बोलत होतो. तो पेच तिथे सुटला.

दुपारी पांढऱ्या चर्चला गेलो. आत गार होतं आणि लोक रांगेने एका संताच्या लाकडी मूर्तीपाशी जाऊन तिचं डोकं हलकेच उचलून बघत होते. असं केलं की नवस पावतो, असं तिथले लोक मानतात. तोही रांगेत उभा राहिला. काय मागितलंस, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, हा चांगला आहे. आणि पाठोपाठ निघायच्या दिवशीचा तो प्रश्न आठवला. मुलगा चांगला असला की तो जास्त लागणार होता.

बाहेरच्या पटांगणात मूळच्या तिथल्या ओओधाम बायका चुलीवर फ्राय ब्रेड तळत होत्या. फ्राय ब्रेड म्हणजे आपल्या पुरीची थोरली बहीण, ताटाएवढी. तिच्यावर राजम्यासारखी उसळ घालून देतात, किंवा लाल मिरचीत शिजवलेलं मटण. आम्ही दोघांनीही उसळ घेतली. माझ्या बायोडेटात आईने शुद्ध शाकाहारी असं लिहिलं होतं आणि त्याच्याही बायोडेटात तेच होतं, त्यामुळे लाल मिरचीच्या पातेल्याकडे पाहायचं मी कटाक्षाने टाळलं. तो मात्र अधूनमधून पाहत होता. वासाने माझा जीव कासावीस झाला होता.

संध्याकाळी सूर्यास्त पाहून गावाच्या दक्षिण भागातून परत येताना काकूंनी गाडी एका ठेल्यापाशी थांबवायला लावली. तिथे मेक्सिकन पद्धतीचे हॉट डॉग मिळतात. सॉसेजला बेकन गुंडाळून खरपूस भाजायचं, मऊ पावात ठेवायचं आणि वर उसळ, कांदा, टोमॅटो, मेयोनीझ, हिरव्या मिरचीची चटणी असा सगळा संसार मांडायचा. माझ्या फेरीतलं हे खरं तर सर्वांत आवडतं ठिकाण, पण ते मी त्या दिवशी गाळलं होतं. काकूंनी स्वतःसाठी एक मागवला आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खायला लागल्या. आम्ही दोघं शेजारी भाजलेली मिरची चघळत शाकाहारी बसलो.

अर्धा खाऊन झाल्यावर काकू म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या आया सोलापूर-नागपुरात आहेत. तिथून इथलं दिसत नाही त्यांना."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग आम्ही दोघंही एकदमच उठलो. नागपुरात दर रविवारी वडिलांबरोबर तो सावजीचं मटण खायला जायचा आणि आई ते घरात माहीत नसल्यासारखं वागायची, हे त्याने दुसऱ्या हॉट डॉगच्या वेळी सांगितलं. मी सांगितलं की मला बेकनचा वास आला की आईचा आवाज ऐकू येतो, पण मी थांबत नाही. इतकं हसले की चटणी नाकात गेली. त्या ठेल्यावर, कागदी रुमालाने तोंड पुसताना, मला तो आवडला हे मला स्पष्ट कळलं. आणि उद्या रविवार, उद्या तो जाणार, म्हणजे उद्या जेवताना तो प्रश्न येणार, हेही कळलं.

रात्री मी ठरवलं की जेवणापर्यंत वाट बघायची नाही. काय व्हायचं ते आधीच होऊ दे. म्हणून रविवारी सकाळी मी त्याला नदीवर घेऊन गेले. माझ्या फेरीत नदी कधीच नसायची, कारण तिथे बघण्यासारखं काहीच नाही. नाव सांताक्रूझ, ते ऐकून मुंबईच्या लोकांना हसू येतं, आणि पात्रात नुसती वाळू. काठावर सिमेंटचे उतार, प्लास्टिकच्या पिशव्या, कुत्री फिरवणारी माणसं. काकू गाडीतच थांबल्या. या वेळी त्यांचं खरोखर लक्ष नव्हतं, त्या पेपर वाचत होत्या.

मी काठावरच्या विहिरीचं लोखंडी झाकण उघडलं. विहीर म्हणजे वीतभर रुंदीचा खोल पाइप. मोजपट्टीचं रीळ त्याच्या हातात दिलं आणि टोक हळूहळू आत सोडायला सांगितलं. पट्टीच्या टोकाला पाणी लागलं की रीळ बीप करतं. तो सोडत राहिला. पट्टी संपत नव्हती. मला वाटलं, आता कंटाळून काहीतरी विनोद करेल. तो मात्र उकिडवा बसून कान देऊन ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने बीप वाजला आणि तो दचकला. "आहे यार खाली," तो म्हणाला. आणि मग मी न सांगता त्याने पट्टी थोडी वर घेतली, पुन्हा सोडली, पुन्हा बीप ऐकला.

मी त्याला सगळं सांगून टाकलं. पावसाळ्यात नदीला दोन-चार दिवस पूर येतो, त्यातलं किती पाणी खाली उतरतं आणि किती वर्षांनी या विहिरीत पोचतं, हे मला शोधायचंय. एका पावसाळ्याने कळत नाही. तीन तरी लागतील. मी बोलताना त्याच्याकडे न बघता झाकणाचे पेच घट्ट करत होते.

तो काही बोलायच्या आत त्याचा फोन वाजला. नागपुरात रात्र झाली होती आणि त्याची आई झोपायच्या आधी निकाल विचारत होती. तो उठून दोन पावलं बाजूला गेला, पण नदीपात्रात आडोसा कुठला? आधी हो, जेवलो, हो, पोहे छान होते, असं चाललं होतं. मग पलीकडून काय विचारलं गेलं ते मला ऐकू न येताही माहीत होतं.

"तीन वर्षं आहेत अजून तिची," तो म्हणाला. "नाही, सोडशील का असं मी विचारलेलं नाही." थोडं थांबून म्हणाला, "आई, मी विचारणार पण नाहीये. तिचं काम इथेच आहे, मी आत्ता बघितलंय. मी येत जाईन ना. इथे जॉब बघता येईल."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन वर्षं मी जे लोकांना समजावत होते, ते कोणीतरी माझ्या वतीने दुसऱ्या कोणाला समजावत होतं. मुलाकडून होकार येईपर्यंत मुलीने गप्प बसायचं असतं, हे मला आईने दर वेळी बजावलं होतं. मी उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"त्यांना सांग," मी म्हटलं, आणि नागपूरला नीट ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हटलं, "मुलीला मुलगा पसंत आहे."

तो फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याची आई काहीतरी म्हणाली, आणि तो हसत फोन माझ्यापुढे धरत म्हणाला, "तुला मागतेय."

मी हाताची वाळू पंजाबी ड्रेसला पुसली आणि फोन घेतला.