व्हर्नेटाच्या खिडकीसमोरची भिंत

ते चित्र व्हर्नेटा गॅस्किन्सने स्वतःच मागून घेतलं होतं, हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर ऐकणारा म्हणेल, बिचारीवर कुणीतरी लादलं.

उत्तर फिलाडेल्फियातली ती गल्ली म्हणजे एकमेकांना खांदे लावून उभी असलेली विटांची घरं. त्यातलं एखादं पडलं की शेजारच्या घराची कूस उघडी पडते. मग जिन्याची तिरकी खूण, कुणाच्या तरी न्हाणीघराचा निळा रंग, सगळं चारचौघांत दिसायला लागतं. व्हर्नेटाच्या पुढच्या खिडकीसमोर अशीच एक भिंत होती आणि तिच्या पायाशी जळून गेलेल्या घराची मोकळी जागा. लोक तिथे रात्री-बेरात्री जुन्या गाद्या आणि टायर आणून टाकायचे. व्हर्नेटा गल्लीची कारभारीण. गल्लीनेच निवडलेली. बर्फ पडला की तो वितळायला पायऱ्यांवर मीठ कुणी टाकायचं, उन्हाळ्यात मुलांना खेळायला रस्ता कधी बंद करायचा, झाडू कुणाच्या हातात द्यायचा, सगळं तिच्याकडे. शहराने जिथे भिंतीवर चित्र काढलं तिथे लोक कचरा टाकायला लाजतात, असं तिने पाहिलं होतं. म्हणून शहराच्या चित्रखात्याच्या दारात तिने चपला झिजवल्या. वर्षं गेली तेव्हा कुठे नंबर लागला.

चित्रखात्याची पद्धत अशी, की चित्र काय असावं ते गल्लीने सांगायचं. चर्चच्या तळघरात सभा भरली. चित्रकार मुलगी आली, मारिसेल नावाची. केस वर बांधलेले, नखांत रंग. तिने विचारलं, "सकाळी दार उघडल्यावर तुम्हाला काय दिसायला हवं?"

व्हर्नेटाने मनाशी ठरवून ठेवलं होतं. झाडं. मोठी, हिरवी, बिनकामाची झाडं. पण कारभारणीने शेवटी बोलायचं असतं, म्हणून ती गप्प बसली. तिथेच चुकलं. पलीकडच्या घरातली क्लॉडेट उठली आणि म्हणाली, "यात विचारायचं काय? लॉनी. आपला लॉनी."

सगळ्यांच्या माना व्हर्नेटाकडे वळल्या. मग टाळ्या.

लॉनी म्हणजे व्हर्नेटाचा एकुलता एक. चार वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सकाळी आईची चर्चला जायची तयारी चालली होती, टोपीसुद्धा डोक्यावर चढली होती, आणि हा टेबलाशी बसून नाश्ता करत होता. समोरच्या घरातून धूर निघाला. म्हातारे मिस्टर पीक पेटती सिगारेट बोटांत धरून खुर्चीत झोपले होते. लॉनी काटा ताटात टाकून धावला. म्हाताऱ्याला खांद्यावर घालून बाहेर आणलं. म्हातारा रस्त्यावर बसून "ड्यूक, माझा ड्यूक" असा हंबरडा फोडायला लागला. ड्यूक त्याचा कुत्रा. लॉनी परत आत गेला. कुत्रा मागच्या दाराने केव्हाच बाहेर पडून कोपऱ्यावर उभा होता. लॉनी मात्र आलाच नाही.

जळलेलं घर शहराने पाडलं. ती मोकळी जागा तीच, आणि भिंतही तीच.

तर सभेत आता तेच मिस्टर पीक काठी टेकत उभे राहिले. बहिणीच्या घरी राहायचे, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. "चेहरा काढा," ते म्हणाले. "मोठा. माझ्या दारातून दिसेल एवढा."

मारिसेलने व्हर्नेटाकडे पाहिलं. "तुम्हाला चालेल ना, मिस व्हर्नेटा?"

व्हर्नेटाला ते चालणार नव्हतं. जिवापासून चालणार नव्हतं. मातीनंतर तिने घरातले लॉनीचे सगळे फोटो उतरवून, टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवले होते. रोज सकाळी कॉफी घ्यायची, ती त्या खिडकीत बसून. तिथून दोन मजली लॉनी आपल्याकडे बघतोय, पावसात भिजतोय, उन्हात फिका पडतोय, हे कल्पनेतसुद्धा तिला सोसेना. पण ती बोलणार कशी? गल्लीला नियम तिनेच घालून दिला होता: हात वर झाले की तोंड बंद. याच नियमाने तिने क्लॉडेटची खुर्ची रस्त्यावरून उचलायला लावली होती. क्लॉडेट बर्फ उकरायची आणि गाडीची जागा राखायला तिथे खुर्ची ठेवायची. केवढी भांडली होती. हात वर झाले आणि खुर्ची गेली.

आता हात वर झाले. झाडून सगळे.

"हात वर झाले," क्लॉडेट गोड आवाजात म्हणाली, "की पुढे काय गं, व्हर्नेटा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. व्हर्नेटा एवढंच म्हणाली, "कुत्रा काढायचा नाही."

पुढच्या आठवड्यात मारिसेल फोटो न्यायला घरी आली. व्हर्नेटाने कपाटातून एक काढून आणला. अंगणात शेगडीवर मांस भाजताना धुराने डोळे बारीक करून हसणारा लॉनी. देताना तिने तो पालथाच दिला. मारिसेलची नजर खोलीच्या भिंतीकडे गेली. तिथल्या वॉलपेपरवर फिक्या चौकोनांची रांग होती, खिळे तसेच.

"इथले फोटो?" तिने विचारलं.

"भिंतीला रंग द्यायचाय."

"कधी?"

"तू चित्र काढायला आलीस की घर रंगवायला, पोरी?"

मारिसेल हसली, पण दारातून बाहेर पडताना एकदा मागे वळून बघून गेली.

मग आला रंगवण्याचा शनिवार. आता चित्रं थेट भिंतीवर काढत नाहीत. पॅराशूटसारखं पातळ कापड असतं. त्याच्या चौकोनी तुकड्यांवर रेघा आखून आकडे घालतात, आणि ज्या आकड्याला जो रंग, तो गल्लीतल्या लोकांनी भरायचा. पुढे सगळे तुकडे भिंतीला चिकटवतात. ज्याला साधी रेघ ओढता येत नाही तोसुद्धा म्हणू शकतो, यातली वीत-दोन वीत जागा माझी आहे. तळघरात लांब टेबलं मांडली होती. एका कोपऱ्यात तळलेला मासा आणि मॅकरोनी-चीज, दुसऱ्या कोपऱ्यात रंगाचे डबे. चेहऱ्याचे तुकडे मात्र टेबलावर नव्हते. "चेहरा मी शेवटी, माझ्या जागेवर करते," मारिसेलने सांगितलं. "अजून रेघसुद्धा ओढलेली नाही."

व्हर्नेटाला आकाशाचा तुकडा मिळाला, पहाटेचा. नारिंगी आणि पिवळा. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथे काठी आपटत मिस्टर पीक येऊन बसले. उठून जावं असं तिला वाटलं, पण हातात ओला ब्रश होता. चार वर्षांत दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. थंडीत त्यांच्या पायऱ्यांवर ती मीठ टाकायची, पण दार वाजवायची नाही.

म्हाताऱ्याचे हात थरथरत होते. नारिंगी रंग रेघ ओलांडून पिवळ्याच्या हद्दीत शिरला.

"रेघ दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसते. हाताला दिसत नाही."

"मनगट टेकवा टेबलावर. असं. लहान मूल बरं तुमच्यापेक्षा."

त्यांनी मनगट टेकवलं. दोघं आपापलं आकाश रंगवत राहिली. मग पीक खाली बघूनच म्हणाले, "मला त्याचा चेहरा आठवत नाही, मिस व्हर्नेटा."

तिचा ब्रश थांबला.

"त्या दिवशी दिसलाच नाही. धूर होता. हात तेवढे लागले, काखेखाली. आणि आवाज, 'मान खाली घाला' म्हणाला. त्याच्या आधी रोज माझ्या पायऱ्यांवरून जायचा, 'काय म्हणता' करायचा. मी मान वर करून कधी बघितलं नाही. कोण बघतं? पोरं जातच असतात. आता रात्री डोळे मिटले की हात दिसतात, आणि वर काहीच नाही. कुणाकडे फोटो मागू? तुमच्याकडे? कुठल्या तोंडानं?"

व्हर्नेटाला आधी राग आला. इतका, की ब्रशाची काडी मोडेल की काय असं झालं. माझा मुलगा गेला, आणि या माणसाला तो दिसलासुद्धा नाही? कुत्र्याच्या नावाने मात्र गळा फाडून ओरडता आलं. ओठावर आलं होतं. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"तुम्हाला आठवत नाही. मला दुसरं काही दिसतच नाही. डबल रोटी कापली तरी तो. आता खिडकीतसुद्धा लावताय."

पीकनी मान वर केली. "मग त्या दिवशी 'नको' का नाही म्हणालात?"

"हात वर झाले होते."

"अहो बाई," म्हातारा म्हणाला, "तो काय देवाचा कायदा आहे?"

व्हर्नेटा उठली. तळघरात गलका चालला होता. तिने पळीने रंगाचा डबा वाजवला.

"ऐका. मला एक सांगायचंय. मला तो चेहरा भिंतीवर नको."

जो तो हातातला ब्रश तसाच धरून बघत राहिला.

"तुम्ही येता-जाता बघाल, छाती फुगवाल, आणि घरी जाल. मी कुठे जाऊ? माझं घरच समोर आहे. मी त्याचे फोटो घरातसुद्धा लावलेले नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुन्हा हात वर करा, एवढंच मागते."

क्लॉडेट म्हणाली, "माझ्या खुर्चीच्या वेळी पुन्हा हात वर करायची सोय नव्हती."

"नव्हती. चुकलंच माझं."

"म्हणजे कारभारणीला एक कायदा, आणि आम्हाला एक."

"हो, क्लॉडेट. आज तसंच."

कुणीतरी मागून म्हणालं, "तो काय एकट्या तिचाच होता? या गल्लीत चांगलं नाव घ्यायला आहे तरी कोण दुसरं?" त्यात खोटं काही नव्हतं. व्हर्नेटा उभीच राहिली. हात कुणाचाच वर होईना.

मग मिस्टर पीकनी हात वर केला. त्यात ब्रश तसाच होता. नारिंगी रंग मनगटावरून ओघळत बाहीत शिरला, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. त्यांच्यामागून एक वर झाला, मग आणखी काही. क्लॉडेट सगळ्यांच्या शेवटी. तिने हात खांद्याएवढाच वर केला, त्यापुढे नाही.

मारिसेल हळूच म्हणाली, "पाठमोरा काढू? चालत निघालेला?"

व्हर्नेटा म्हणाली, "काढ."

शरदात चित्र चढलं. पहाटेचं आकाश, गल्लीतली घरं, आणि त्यांच्यामधून निघालेला रुंद खांद्यांचा एक तरुण, पाठमोरा. पडदा सारला तेव्हा टाळ्या झाल्या, पण तळघरातल्यासारख्या नाहीत. "कुणीही असू शकतो हा," एक जण पुटपुटला. क्लॉडेटने तोंडावरच म्हटलं, "इतकी वर्षं वाट बघायला लावलीस, आणि पाठ दाखवलीस." पुढे बरेच दिवस ती व्हर्नेटाच्या पायऱ्यांपाशी थांबेना. मोकळ्या जागेत कचरा मात्र पडायचा बंद झाला.

त्याच दिवशी मारिसेलने फोटो परत दिला. व्हर्नेटाने तो कपाटात नेला नाही. काठीवर रेलून चित्राकडे बघत उभ्या असलेल्या मिस्टर पीकच्या कोटाच्या खिशात सारला आणि म्हणाली, "ठेवा तुमच्याकडे. नीट बघून घ्या." उत्तराला थांबली नाही.

आता सुटलं असं तिला वाटलं होतं. कसलं सुटतंय. चेहरा असता तर रडून-भेकून एक दिवस डोळे सरावले असते. पाठीला डोळे सरावत नाहीत. रोज सकाळी कॉफी घेऊन खिडकीत बसली की वाटायचं, हा आता वळेल. कॉफी गार व्हायची. कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना ती मध्येच उठून बघून यायची, न जाणो. असं कुणाला सांगायचं? मागितलंही तिनेच, आणि बदलून घेतलंही तिनेच.

पहिला बर्फ पडला तेव्हा ती मिठाची बादली घेऊन निघाली. मिस्टर पीकच्या पायऱ्यांवर मीठ टाकलं. परत फिरायचं सोडून तिने दार वाजवलं.

आतून काठीचा आवाज आला, मग खुर्ची सरकली, मग बराच वेळ काहीच नाही. दार उघडलं तेव्हा म्हाताऱ्याचा एक हात पाठीमागे होता, आणि धुराचा वास लपत नव्हता.

व्हर्नेटाने तळवा पुढे केला.

"एकच ओढतो दिवसाला," पीक म्हणाले. "खिडकीशी. उभ्यानं."

तळवा तसाच. त्यांनी पाठीमागचा हात पुढे आणून सिगारेट तिच्या हातावर ठेवली. ती आत गेली, मोरीत नळाखाली धरून विझवली, कचऱ्यात टाकली, हात पुसले. म्हाताऱ्याच्या गळ्याला आत्ता या हाताने धरावं असं तिला वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

"कॉफी?" पीकनी दारातूनच विचारलं.

"साखर नको."

टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. लॉनीचा फोटो चुलीपासून लांब, फ्रिजशेजारच्या भिंतीवर होता. चौकट नवी होती. व्हर्नेटा नेमकी त्याच्याकडे पाठ करून बसली. पीकनी कप आणून ठेवला, थोडी कॉफी बशीत सांडली. तिने बशीतली परत कपात ओतली, तेव्हा ते समोर बसले आणि तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघायला लागले.

अर्धा कप संपला. बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ खरवडत होतं, बहुतेक क्लॉडेटच.

व्हर्नेटा उठली, खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, फिरवून ठेवली आणि परत बसली.