म्हाताऱ्याच्या नावावर माझ्या ओळी

माझा नवरा चोर होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या दिवशी असं बोलू नये म्हणतात. मी बोलणार.
मला लिहिता येत नाही, म्हणून नात रेवती टाइप करतेय. प्रोफाइल तिचं, तोंड माझं.

रेवती कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. पाच वर्षांपूर्वी तिने स्वतःसाठी आणि ऑफिसातल्या मित्रांसाठी एक छोटं टूल बनवलं. दिवसभरात काय केलं, कुठे अडलं, ते टिपून ठेवायला.

चित्र नाही, बटण नाही. नुसता काळा पडदा.
"आज" असं टाइप करायचं, पुढे एक ओळ, एंटर. संपलं.
तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव ते आपलं आपण लावतं.

म्हाताऱ्याला ते भारी आवडलं. तिचा जुना लॅपटॉप घेऊन रोज सकाळी आमच्या गिरीजच्या वाडीत ओट्यावर बसायचा. चष्मा नाकावर, एका बोटाने टक, टक.

मी समोर चाफ्याची फुलं निवडत बोलत असायची. कुठल्या केळीला टेकू हवा, बावखलातलं, वाडीतल्या तळ्यातलं, पाणी किती खाली गेलं, सुकेळी नीट वाळली का.
हा मान वर करायचा नाही.

"अहो, ऐकलंत का?"
टक, टक.
"भिंतीशी बोलले असते तर एव्हाना भिंत बोलली असती!"
टक, टक.

मला वाटायचं, रिटायर झाला तरी ह्याचं ऑफिस काही सुटत नाही.

आज जेवणं उरकल्यावर नायगावच्या पुतण्याने, सुहासने, फोन काढला. काकांच्या सगळ्या नोंदी त्याने रेवतीकडून मागून घेतल्या होत्या. लागला मोठ्याने वाचायला.

"राजेळी केळीचा लोंगर कललाय, आजच टेकू द्या."
"बावखल तळाला गेलंय. दुपारी पंप लावू नका, गाळ येईल."

"काय अभ्यास होता काकांचा!" सुहास म्हणाला. "ह्याचं पुस्तक काढू या. कव्हरवर काकांचा फोटो."
सगळ्यांनी माना डोलावल्या.

अभ्यास?
जन्मभर मुंबईत फायली वर-खाली केल्या ह्याने. केळीचं पील, लावायचा कोंब, कुठून काढतात हे रिटायर होईपर्यंत ठाऊक नव्हतं. वाडी मी केली.
ते शब्द माझे होते.

तसं सांगितलं, तर सुहास मऊ आवाजात म्हणतो, "काकी, तुम्हाला काकांची आठवण येतेय."

आठवण! डोकं असं सणकलं माझं.
"पुढचं वाच," म्हटलं.

"मोगऱ्याला उन्हं चढायच्या आत पाणी घाला. ऐकलंत का?"
सुहास थांबला. "आता हे काका कोणाला विचारतायत?"
"विचार की त्यांच्या फोटोला!"

त्याने पुढची ओळ वाचली.
"भिंतीशी बोलले असते तर एव्हाना भिंत बोलली असती."

सगळे हसले. मी नाही हसले.

चार वर्षं. माझा शब्दन् शब्द. आणि प्रत्येक ओळीपुढे त्याचं नाव!

"रेवती, ते नाव काढ आणि माझं घाल."
"आजी, जुन्या ओळी खोडायची सोयच ठेवली नाही मी. मागून कोणी येऊन आपल्याला हवं तसं फिरवू नये म्हणून."
"म्हणजे चोराचीच सोय केलीस की!"

तर सुहास, हे तू वाचतोयस ना? पुस्तक काढ. पण सांगणारीचं नाव वर.
सगुणा.
जाड अक्षरात. मला वाचता येत नसलं तरी जाडी दिसते.
लिहिणाऱ्याचं खाली, बारीक. ते नाव मी घेत नाही, तुला ठाऊक आहे.

चोरी मी माफ केली असती.
पण ऐकत होता, तर एकदा "हं" म्हणायला काय झालं होतं?
शेवटच्या सकाळीसुद्धा "तुमचं कधी लक्षच नसतं" असं म्हणून मी रागाने आत निघून गेले.
त्या सकाळची ओळसुद्धा आहे म्हणते रेवती. तीच. जशीच्या तशी.

मघाशी तिने तो काळा पडदा उघडला. पहिल्यांदा माझ्या नावाने ओळ टाकली.

"मोगऱ्याला पाणी घातलंय. ऐकलंत का?"

खाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहितात म्हणे.
लिही बाई.
पण भाव रागाचा आहे, तेही लिही.