वॉल्ट्झचा पेपर

आता हे तुम्हाला सांगावं का न सांगावं, या विचारात माझे दोन वर्षं गेले. कुंदाच्या माहेरी सगळ्यांना माहीत झालंय, जालन्यात निम्म्यांना माहीत झालंय, मंग तुम्हीच काय पाप केलंय? ऐका. फक्त मधी हसू नका, माझी लिंक तुटते.

मी हायस्कूलात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. पण माझी खरी ओळख इतिहासाची न्हाई, परीक्षेची. दहावीच्या बोर्डाला सतरा वर्षं मी केंद्रसंचालक होतो. बैठक व्यवस्था, पुरवण्या, सीलबंद पाकिटं, हे म्हणलं की माझ्या अंगात येतं. आमची पोरगी म्हणते, बाबा पंगतीला बसले तरी आधी दोन ताटांमधलं अंतर मोजतात.

मी रिटायर झालो त्याच वर्षी कुंदाचे, म्हणजे आमच्या मंडळींचे, गुडघे कुरकुर करायला लागले. डॉक्टरनं सांगितलं, चाला. एकटीनं चालायचा तिला कंटाळा, आन् माझ्यासोबत निघालं की मी दुकानांच्या पाट्यांवरचं शुद्धलेखन तपासत उभा राहतो. तेवढ्यात जालन्यातल्या मस्तगड भागात एका साड्यांच्या दुकानाच्या वर डान्सचा क्लास निघाला. मेघा मॅडम नावाची पुण्याची पोरगी, लग्न होऊन इथल्या बियाणेवाल्यांच्या घरात आलेली, ती शिकवायची. डान्स कसला, तर बॉलरूम. म्हणजे दोघांनी जोडीनं, हात धरून, तालावर गोल फिरायचं. मस्तगडात. कुंदाला काय सुचलं कोण जाणे, ती नाव घालून आली. जोडी लागते म्हणून माझंबी घातलं.

पहिल्या दिवशी मॅडमनी सांगितलं म्हणून मी बायकोच्या पाठीवर हात ठेवला. चारचौघात, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी छताकडं बघितलं, कुंदानं खिडकीकडं. असं आमचं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना एक एक पुस्तिका वाटली आन् सांगितलं की मार्चमध्ये आपली पहिल्या पातळीची परीक्षा आहे, परीक्षक पुण्याहून येणार आहेत.

परीक्षा. खरं सांगतो, तोपर्यंत मी त्या क्लासात नुसता वेळ काढून राह्यलो होतो. हा शब्द कानावर पडला आन् मी सरळ बसलो. अभ्यासक्रम बघितला. बावीस पानं, इंग्रजी, त्यात तीन नाच: वॉल्ट्झ, चा-चा-चा आन् फॉक्सट्रॉट. मी हात वर करून वेळ विचारली. मॅडम म्हणाल्या, अकरा वाजता. बोर्डाच्या पेपरचीच वेळ. बस. त्यापुढं मी काही विचारलं न्हाई, आन् तिथंच सगळं चुकलं. मी धरून चाललो की ऐंशी मार्कांचा लेखी, वीस मार्कांचं प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाचे मार्क मॅडमच्याच हातात, म्हणजे ते आलेच. आपल्याकडं कोणती परीक्षा यापेक्षा निराळी असते, तुम्हीच सांगा?

दुसऱ्या दिवशीपासून मी क्लासात कोपऱ्यातली खुर्ची धरली. पुस्तिकेचं मराठी केलं. दोनशे पानी वहीत मुद्देसूद नोट्स काढल्या. 'वॉल्ट्झ म्हणजे काय ते सांगून त्याची तीन वैशिष्ट्ये लिहा.' 'फरक स्पष्ट करा: वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट.' 'टिपा लिहा: उजवे वळण.' पुरुषाचे पावलं निळ्या शाईत, बाईचे लाल शाईत. पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते मला कळतं, त्यामुळं हमखास येणाऱ्या प्रश्नांना चांदणी काढली.

बॅचमध्ये आम्ही अकरा जण. माझी वही बघितल्यावर आधी एकानं झेरॉक्स मागितली, मंग दुसऱ्यानं. पंधरा दिवसांत आठ जण माझ्या कोपऱ्यात येऊन बसायला लागले. मॅडमनी एकदा विचारलं, सर, तुम्ही उठत न्हाई का? मी म्हणलं, तयारी जोरात चालू आहे, तुम्ही बिलकुल काळजी करू नका. त्यांना वाटलं आम्ही घरी प्रॅक्टिस करून राह्यलो. पुढं त्यांच्या सासूबाईंचं ऑपरेशन निघालं. त्या तासभर यायच्या, गाणं लावायच्या आन् दवाखान्यातल्या लोकांशी फोनवर बोलत जिन्यात उभ्या राहायच्या. त्यामुळं आमच्याकडं बघायला कोणी उरलंच न्हाई.

कुंदा मात्र नोट्सला हात लावत न्हवती. एका संध्याकाळी ती माझ्या खुर्चीपाशी आली.

"अहो, मला ते उजवीकडचं वळण जमून न्हाई राह्यलं. जरा उठता का?"

"पान चौदा वाच," मी म्हणलं. "सगळं दिलंय त्यात."

ती तशीच परत गेली. मी तेव्हा फरकाचा तक्ता आखत होतो, पट्टी सरकली असती म्हणून मान वर केली न्हाई.

मंग सलीमभाई आले. सलीमभाई शेरवानी शिवणारे टेलर. आजकालचे नवरदेव शेरवानी घालून नाचतात आन् शिलाई बगलेत उसवते, तर नेमकं कुठं ओढतं ते स्वतः नाचून बघावं म्हणून क्लासात आल्ते. त्यांच्या बायकोला हे मंजूर न्हवतं, म्हणून त्यांना जोडी न्हवती. माझ्यासमोर अदबीनं उभे राहून त्यांनी विचारलं, "सर, तुमची इजाजत असंल तर भाभींसोबत प्रॅक्टिस करू का? दोघांचं काम होईल." मी म्हणलं, करा की. आन् तक्त्याचा तिसरा रकाना भरायला घेतला.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी घरी सराव परीक्षा ठेवली. दिवाणखान्यात तीन तीन फुटांवर आठ जण बसवले, वर कुंदालाबी बसवलं. तिला ऐंशीपैकी अकरा पडले. वॉल्ट्झच्या तीन वैशिष्ट्यांत तिनं एकच लिहिल्तं: 'छान वाटतं.' मी त्याला अर्धा मार्क दिला. तिला सांगितलंबी, की अशानं तू नापास होशील आन् माझं नाव खराब होईल.  ती उठून सगळ्यांसाठी चहा टाकायला गेली.

परीक्षा अंबड रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होती. मी साडेआठलाच गाडी काढली. पॅड, दोन पेन, पारदर्शक बाटली, सगळं बराबर. कुंदा म्हणाली, मी मागून बाकीच्यांसोबत येते. ती सकाळपासून एकाच साडीला इस्त्री करून राह्यली होती, ते बघून मला हसू आल्तं. साडीला कोण मार्क देणार?

हॉलवर पोचलो तर काय, अख्खा हॉल मोकळा. फरशी पुसून आरशासारखी केलेली, एका बाजूला एक टेबल, एक गाण्याचा डबा, आन् बाक एकबी न्हाई. वॉचमन म्हणला, मॅडमनीच सगळं उचलायला सांगितलं. मी मनात म्हणलं, पोरगी नवखी आहे, परीक्षेचं तिला काय माहीत. आता ही परिस्थिती आपणच सांभाळायची. शेजारच्या गल्लीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा कोचिंग क्लास आहे. त्याला फोन लावला. सरांचं काम म्हणल्यावर त्यानं अर्ध्या तासात टेम्पोनं पंधरा बाक आणून टाकले. मी तीन रांगा लावल्या. प्रत्येक बाकावर खडूनं नंबर घातला. पर्यवेक्षकाची खुर्ची उजेडाकडं पाठ करून ठेवली. मधोमध उभं राहून बघितलं, तर बोर्डाचं केंद्रबी इतकं देखणं दिसलं न्हवतं.

साडेदहाला मंडळी आली. सगळे लग्नाला आल्यासारखे नटलेले. बाक बघून दोन क्षण थबकले, पण माझ्या नोट्सवाले आठही जण आपापला नंबर शोधून गुपचूप बसले. उभे राहिले ते कुंदा आन् सलीमभाई. कुंदानं माझ्याकडं बघितलं. मी तिला तिचा बाक दाखवला.

अकराला मॅडम परीक्षकबाईंना घेऊन आल्या. साठीच्या, सडपातळ, पिकलेल्या केसांच्या बाई. दारातच थांबल्या आन् हळू आवाजात मॅडमना विचारलं की इथं दुसरी कुठली परीक्षा आहे का, आपला हॉल वेगळा आहे का.

मी पुढं झालो. "या, या. तुमचीच वाट बघून राह्यलो. प्रश्नपत्रिकांचं पाकीट कुठंय?"

मेघा मॅडमनी एकदा बाकांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मंग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, यात पेपर नसतो. शंभरच्या शंभर मार्क नाचायलाच असतात."

त्या हळूच बोलल्या होत्या. पण हॉल मोकळा, आवाज घुमतो. माझ्या मागं आठ पेनांना टोपणं लागल्याचे आवाज मी ऐकले, ओळीनं.

पुढचे चाळीस मिनिटं नटलेल्या माणसांनी बाक बाहेर नेले.  कोणी मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आमचा नंबर तिसरा. जोडीची परीक्षा, म्हणजे माझं चुकलं की कुंदाचंबी गेलं. पण मला अजून धीर होता. पावलं पाठ होते ना. गाणं सुरू झालं. डोळ्यांसमोर पान चौदा उभं राहिलं, आन् निळी शाई लाल शाई एकदमच दिसायला लागली. मी पाऊल टाकलं ते बाईचं. मागं. कुंदाबी मागं. दोघांचे हात ताणले गेले, जसं काही आम्ही एकमेकांपासून सुटायला बघून राह्यलो. दुसऱ्यांदा मी जोरात पुढं आलो ते थेट तिच्या पायावर. तिनं ओठ दाबले. तिसऱ्यांदा मला काहीच आठवलं न्हाई.

बाईंनी गाणं थांबवलं. कुंदाला विचारलं, तुम्ही आणखी कोणासोबत सराव केलाय का? कुंदानं माझ्याकडं न बघता मान हलवली. सलीमभाई पुढं आले, येताना मला म्हणाले, "सर, माफी." मी स्टेजच्या पायरीवर जाऊन बसलो.

गाणं परत लागलं, आन् मी कुंदाला नाचताना पहिल्यांदा बघितलं. तीन महिने ती माझ्यापासून दहा हातांवर रोज हेच करत होती. आमटीत मीठ टाकताना तिचा चेहरा जसा असतो, सगळं लक्ष एका ठिकाणी, तसा होता. गुडघे कुठं कुरकुरले न्हाईत. उजवीकडचं ते वळण आलं आन् ती इतकी हलकी वळली की मी त्या पुस्तिकेचं जे मराठी केल्तं त्यात यातलं काहीच न्हवतं. मला सलीमभाईचा राग आला न्हाई. पेपर संपल्याची घंटा झाल्यावर केंद्रावर पोचलेल्या पोराचं तोंड मी सतरा वर्षं बघितलंय. त्या दिवशी ते तोंड माझं होतं.

आठ दिवसांनी निकालाचा कागद आला. कुंदाला विशेष प्रावीण्य. सलीमभाई पास. माझ्या नोट्सवाले आठ जणबी रडतखडत का होईना, निघाले. माझ्या नावापुढं लिहिल्तं: गैरहजर.

हे मात्र मला सहन झालं न्हाई. नापास लिहा, मी समजू शकतो. पण गैरहजर? सगळ्यात आधी नऊ वाजता कोण पोचल्तं? मी मॅडमना फोन लावला. त्या थोडं चाचरल्या आन् म्हणाल्या की परीक्षकबाईंनी तुमची प्रॅक्टिस किती दिवस झाली ते विचारल्तं, मला खरं सांगावं लागलं. मंग बाईंनी सांगितलं, नापास हा शेरा नाचलेल्या माणसाला देतात.

मी तावातावानं कागद घेऊन स्वैपाकघरात गेलो. कुंदा मटार सोलत होती. म्हणलं, बघ काय लिहिलंय, तीन महिने रोज तुझ्यासोबत क्लासात होतो आन् वर हे. तिनं हात पुसले, चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आन् माझ्या हातात परत दिला.

"बराबर लिहिलंय," ती म्हणाली, आन् मटार पुढं ओढले.

फेरतपासणीचा अर्ज मी काही केला न्हाई.